बास्केटबॉलचा जमाखर्च : आकड्यांवरून संघाची पारख

हार झाली म्हणजे तिचे खापर कोणाच्या तरी माथी फोडावे, ही मनुष्याची जुनी खोड आहे. बास्केटबॉलचा सामना संपला आणि आपला संघ मागे पडला, की मैदानाच्या कडेला लागलीच न्यायसभा भरते. ‘अमक्याचा आज हात बसला नाही’, ‘तमक्याने शेवटची फेक हुकवली’, असे निवाडे भराभर होतात. आणि ज्या मुलाची शेवटची फेक हुकलेली सर्वांनी पाहिली, तो बिचारा मान खाली घालून घरी जातो. पुढल्या सामन्यात त्याच्याकडे चेंडू देण्यास सोबतीही कचरतात. परंतु त्या एका फेकीपूर्वी दोन्ही संघांनी मिळून शंभराच्या आसपास फेकी केलेल्या असतात आणि कित्येक वेळा चेंडू हातचा घालविलेला असतो. त्या सर्वांचा हिशेब कोणी ठेवला? तो ठेवला नसेल, तर दिलेला निवाडा हा निवाडा नसून निव्वळ तर्क होय.

हा हिशेब कसा ठेवावा, त्यावरून संघाचे बळ व उणीव कशी ओळखावी, आणि आकड्यांवर कोठवर भिस्त ठेवावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. बेरीज, भागाकार व शेकडेवारी एवढे अंकगणित आले म्हणजे पुरे.

खेळाचा जन्म

हा खेळ शिक्षकाच्याच हातून जन्मास आला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी वाय. एम. सी. ए.चे एक प्रशिक्षण विद्यालय होते. इ. स. १८९१ च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असता विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाकडे आले. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला, जमिनीपासून दहा फुटांवर, फळांच्या दोन टोपल्या टांगल्या व तेरा नियम लिहून काढले. पहिल्या सामन्यात नऊ-नऊ जणांचे दोन संघ होते आणि सबंध सामन्यात चेंडू एकदाच टोपलीत पडला. त्या सामन्याच्या हिशेबाला वही लागली नसती. टोपलीची जागा पुढे लोखंडी कड्याने घेतली. दहा फुटांची उंची मात्र आजही तीच आहे.

वाय. एम. सी. ए.च्या शिक्षकांबरोबर हा खेळ देशोदेशी गेला. हॅरी क्रो बक यांनी इ. स. १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, आणि तेथून तयार झालेल्या शिक्षकांनी असे खेळ भारतातील शाळांच्या पटांगणांत आणले. इ. स. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले, तेव्हा नेस्मिथ स्वतः तेथे हजर होते. आपणा वऱ्हाडकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याच प्रसंगी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

एकरी उतारा

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हिशेब लहान मुलासही कळतो. समजा, एका शेतकऱ्यास चाळीस क्विंटल कापूस झाला व दुसऱ्यास चोवीस क्विंटल. पहिल्याची शेती अधिक चांगली, असे कोणी लागलीच म्हणेल काय? जाणता मनुष्य आधी विचारील, ‘जमीन किती?’ पहिल्याची जमीन दहा एकर व दुसऱ्याची चार एकर असेल, तर पहिल्याचा एकरी उतारा चार क्विंटल व दुसऱ्याचा सहा क्विंटल पडतो. शेतीची पारख एकूण मालावरून होत नाही. ती एकरी उताऱ्यावरून होते.

मग बास्केटबॉलमधील ‘एकर’ कोणता? तो म्हणजे चेंडूचा ताबा. चेंडू आपल्या संघाच्या हाती आल्यापासून तो प्रतिपक्षाच्या हाती जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा. मधे फेक हुकली आणि चेंडू पुन्हा आपल्याच गड्याने झेलला, तर तोच ताबा चालू राहतो. एका संघाचा ताबा संपला की दुसऱ्याचा सुरू होतो. म्हणून एका सामन्यात दोन्ही संघांच्या ताब्यांची संख्या जवळजवळ सारखीच भरते. जमीन दोघांना सारखीच मिळाली. पीक कोणी अधिक काढले, एवढाच प्रश्न उरतो. एकूण गुणांस ताब्यांच्या संख्येने भागले म्हणजे संघाचा उतारा निघतो.

या उताऱ्यामुळे वेगवेगळ्या सामन्यांची तुलना करता येते. एखादा संघ धावपळीचा खेळ करून सत्तर गुण मिळवितो व साठ-सत्तर देतोही. दुसरा सावकाश खेळून चाळीसच मिळवितो. नुसत्या गुणांवरून पहिल्याचा हल्ला बलवान वाटेल. पण भागाकार केल्यावर दुसऱ्याचा उतारा अधिक निघण्याचा पुष्कळ संभव असतो.

भागाकाराने या खेळाचे रूप कसे पालटले, याचे एक मनोरंजक उदाहरण आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत पूर्वी पुढे असलेला संघ चेंडू नुसता हातात खेळवीत वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजीचा एक सामना तर १९ विरुद्ध १८ इतक्याच गुणांवर संपला. प्रेक्षक कंटाळले. तेव्हा डॅनी बियासोन नावाच्या एका संघमालकाने साधा हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२० बरोबर २४. इ. स. १९५४ पासून त्या सामन्यांत प्रत्येक ताब्यात चोवीस सेकंदांच्या आत फेक करण्याचा नियम झाला, आणि आज आंतरराष्ट्रीय सामन्यांतही तोच अवधी आहे.

एका सामन्याची खतावणी

आता समजुतीसाठी एक कल्पित सामना घेऊ. आपला संघ ४२ विरुद्ध ५१ असा नऊ गुणांनी हरला. वहीत पुढील नोंद झाली आहे :

चेंडूचे ताबे : आपले ६०, प्रतिपक्षाचे ६०.
दोन गुणांच्या फेकी : आपल्या ४४ पैकी १८ यशस्वी, प्रतिपक्षाच्या ४६ पैकी १८.
तीन गुणांच्या फेकी : आपल्या ५ पैकी १, प्रतिपक्षाच्या ४ पैकी १.
फाऊलबद्दल मिळालेल्या फ्री थ्रो : आपल्या १० पैकी ३, प्रतिपक्षाच्या १६ पैकी १२.
आपलाच हुकलेला चेंडू परत मिळविला, म्हणजे पुढचे रिबाउंड : आपण ११ वेळा; प्रतिपक्षाने ७ वेळा.
फेक न करताच चेंडू हातचा घालविला : आपण १८ वेळा, प्रतिपक्षाने १० वेळा.

प्रथम ताळा पाहा. आपले गुण : १८ दुणे ३६, अधिक ३, अधिक ३, एकूण ४२. प्रतिपक्षाचे : ३६, अधिक ३, अधिक १२, एकूण ५१. ताळा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. आता उतारा काढा. आपला ताब्यामागे ०.७०, प्रतिपक्षाचा ०.८५. हा फरक कोठून आला?

अमेरिकेतील डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने इ. स. २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संघाचे यशापयश चार खात्यांत वाटले आहे : फेकीची अचूकता, चेंडू हातचा घालविणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो. व्यावसायिक सामन्यांच्या अभ्यासावरून या चार खात्यांचे महत्त्व त्याने अनुक्रमे शेकडा सुमारे ४०, २५, २० व १५ असे धरले. शाळेच्या संघाला हे प्रमाण जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. परंतु खाती तीच. आपण ती एकेक उघडून पाहू.

पहिले खाते फेकींचे. आपल्या ४९ फेकींपैकी १९ यशस्वी झाल्या, म्हणजे शेकडा सुमारे ३९. प्रतिपक्षाच्या ५० पैकी १९, म्हणजे शेकडा ३८. फरक नसल्यातच जमा! कडेच्या न्यायसभेने ‘आज हात बसला नाही’ असा जो निवाडा दिला होता, तो येथेच खोटा ठरला.

दुसरे खाते रिबाउंडचे. आपल्या हुकलेल्या ३० फेकींपैकी ११ वेळा चेंडू आपणच परत मिळविला, म्हणजे शेकडा सुमारे ३७. प्रतिपक्षाने ३१ पैकी ७ वेळा, म्हणजे शेकडा सुमारे २३. हे आपल्या संघाचे खरे बळ होय. रिबाउंड झेलणाऱ्या मुलांना टाळ्या क्वचितच मिळतात. त्यांचे ऋण या खात्यात उघडे दिसते.

तिसरे खाते फ्री थ्रोचे. आपण दहांपैकी सात हुकविल्या. शिवाय प्रतिपक्षाला सोळा फ्री थ्रो मिळाल्या, त्या आपल्याच फाऊलमुळे. म्हणजे या खात्यावर दोन्ही बाजूंनी खर्च पडला.

चौथे खाते चेंडू हातचा घालविण्याचे. साठ ताब्यांपैकी अठरा आपण फेक करण्यापूर्वीच गमावले. कधी पास चुकला, कधी पाऊल चुकले, कधी चेंडू रेषेबाहेर गेला. उरलेल्या ४२ ताब्यांत आपण ४२ गुण मिळविले. प्रतिपक्षाने दहाच गमावले व उरलेल्या ५० ताब्यांत ५१ गुण मिळविले. विचार करा, मित्रहो! चेंडू हाती राहिला तेव्हा दोन्ही संघ ताब्यामागे एकेक गुणाच्या हिशेबाने तुल्यबल होते. पेरणीच न झालेले अठरा एकर आपल्या वाट्याला आले व त्यांच्या वाट्याला दहा, हीच हारीची मुख्य मेख.

आता पुढील तयारीचा ढोबळ अंदाज बांधता येतो. आपण अठराऐवजी दहाच ताबे गमावले, तर सुमारे आठ गुण वाढतील. फ्री थ्रो तीनऐवजी सात साधल्या, तर आणखी चार. नऊ गुणांची तूट भरून निघून वर तीन उरतात. आणि यासाठी उंच मुले लागत नाहीत की अंगची विशेष देणगी लागत नाही. पास नीट देणे व फ्री थ्रो शांतपणे टाकणे, ही दोन्ही कामे रोजच्या सरावाने साध्या मुलासही साधतात. हिशेब ठेवला नसता, तर हाच संघ आठवडाभर लांबून फेकी मारीत बसला असता आणि पुढचाही सामना त्याच वाटेने गेला असता.

उपाय कळतो, पण वळत नाही

उणीव कळणे एक आणि ती दूर करण्यास मन तयार होणे दुसरे. विल्ट चेंबरलेन या धिप्पाड अमेरिकन खेळाडूने २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात शंभर गुण केले. ३६ यशस्वी फेकींचे ७२ व फ्री थ्रोचे २८. त्या दिवशी त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधल्या. एरवी या बाबतीत तो दुबळा होता. सबंध कारकिर्दीत त्याचे प्रमाण शेकडा ५१ च्या आसपासच राहिले. परंतु त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकीत असे, आणि त्याचे प्रमाण शेकडा ६१ वर गेले होते. तरीही पुढे त्याने ही रीत सोडली, कारण तसे टाकताना आपण हास्यास्पद दिसतो असे त्यास वाटे. इ. स. १९६७-६८ च्या हंगामात त्याचे प्रमाण शेकडा ३८ पर्यंत घसरले. याच्या उलट रिक बॅरी हा खेळाडू लोकांच्या हसण्याची पर्वा न करता जन्मभर खालूनच टाकीत राहिला, आणि शंभरात सुमारे नव्वद फ्री थ्रो साधीत गेला. आकड्याने दोघांनाही एकच वाट दाखविली होती. लोक काय म्हणतील या भयाने एकाने ती सोडली. हा धडा केवळ मैदानापुरता नाही, हे सुज्ञांस सांगणे नको.

एकेका गड्याचा हिशेब

संघाच्या खात्यांनंतर गड्यांची खाती येतात. येथे मात्र फार जपून चालावे लागते. समजा, एका मुलाने दोन गुणांच्या २२ फेकी करून १६ गुण मिळविले व दुसऱ्याने ६ फेकींत ८. टाळ्या पहिल्यास मिळाल्या. फेकीमागे उतारा पाहिला तर पहिल्याचा सुमारे ०.७३ व दुसऱ्याचा १.३३. मग पहिल्यास बसवावे काय? नाही. कदाचित प्रतिपक्षाचे दोन-दोन गडी पहिल्यासच अडवीत असतील, आणि म्हणूनच दुसऱ्यास टोपलीखाली मोकळी जागा मिळत असेल. काळ्या जमिनीचा उतारा व बरडाचा उतारा एका मापाने मोजणे हा अन्याय होय. आकडा येथे निकाल देत नाही. तो प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर मैदानावर पाहूनच मिळते.

फेक कोठून केली, हेही पाहावे. तीन गुणांची फेक तीनदा करून एकदा साधली तरी फेकीमागे एक गुण पडतो. दोन गुणांची फेक दोनदा करून एकदा साधली तरी तेवढाच. म्हणून लांबून तिसरा हिस्सा साधणारी मुलगी जवळून निम्म्या साधणाऱ्या मुलीच्या बरोबरीची आहे, कमी नव्हे.

काही गडी तर असे असतात, की त्यांचे काम कोणत्याच रकान्यात मावत नाही. अमेरिकेतील शेन बॅटिए हा खेळाडू याबद्दल प्रसिद्ध झाला. त्याचे गुण व रिबाउंड बेताचेच. पण तो मैदानावर असला की त्याचा संघ पुढे जाई व प्रतिपक्षाचे मोठमोठे फेकी गडी निष्प्रभ होत. म्हणून एखादा गडी मैदानावर असताना दोन्ही संघांचे गुण किती वाढले, याचीही नोंद अनेक सामने ठेवून पाहावी.

आकड्यांवर भिस्त कोठवर?

दहांपैकी तीनच फ्री थ्रो साधल्या, एवढ्यावरून संघ कच्चा ठरतो काय? एक रुपयाचे नाणे दहा वेळा उडवून पाहा. दहा फेकींचे एकंदर १,०२४ प्रकार होतात. मेरुप्रस्ताराच्या ओळीवरून, छाप एकदाही न पडण्याचा १ प्रकार, एकदा पडण्याचे १०, दोनदा ४५ व तीनदा १२०, एकूण १७६. म्हणजे निम्म्या फ्री थ्रो साधण्याची ज्याची खरी योग्यता आहे, त्यालाही सहांतून सुमारे एकदा तीन किंवा त्याहून कमीच मिळतील, आणि तेही केवळ योगायोगाने. परंतु पाच सामन्यांत मिळून ५० पैकी १५ च साधल्या, तर तसा योगायोग तीनशेत सुमारे एकदाच घडतो. तेव्हा मात्र उणीव खरी आहे असे समजावे. एका सामन्यावरून शंका घ्यावी. निर्णय अनेक सामन्यांवरून करावा.

दुसरी सावधगिरी निवडीची. सातारा जिल्ह्यात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आपल्या देशात पिकांचा अंदाज काढण्याची जी पद्धत रुजविली, तिच्यात शेताचे लहान लहान तुकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथील पीक कापून मोजतात. रस्त्याकडेचे डोळ्यांत भरणारे शेत निवडीत नाहीत, कारण त्यावरून साऱ्या तालुक्याचा अंदाज फुगेल. आपणही जिंकलेल्या सामन्यांचीच वही ठेवू नये, आणि दुबळ्या संघावर मिळविलेल्या गुणांवरून फुशारून जाऊ नये.

वही कशी ठेवावी?

यास दोन विद्यार्थी, एक वही व एक शिसपेन्सिल पुरे. एकाने मैदानावर डोळा ठेवून मोठ्याने सांगावे. दुसऱ्याने खाली न चुकता लिहावे. दोघांनीही बघणे व लिहिणे एकदम करू नये, नाही तर नोंदी सुटतात. पानावर मैदानाचा अर्धा नकाशा काढावा. जेथून फेक झाली तेथे गड्याचा अंक लिहावा, व साधली तर त्याभोवती वर्तुळ करावे. चार-पाच सामन्यांनंतर असे नकाशे शेजारी ठेवले, की कोणाचा हात कोठून बसतो हे न सांगता दिसते. प्रतिपक्षाचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे करावी. मित्राची चूक गाळणारा लेखनिक संघाचा शत्रू समजावा.

हे काम हलके नव्हे. ज्या मुलामुलींना प्रकृतीमुळे किंवा अन्य कारणाने खेळता येत नाही, त्यांना संघाची उत्तम सेवा करण्याची ही संधी आहे.

शेवटी पालकवर्गास एक विनंती. पाल्य सामन्याहून घरी आला म्हणजे ‘तू किती बास्केट केल्यास?’ एवढेच विचारू नये. ‘पास किती नीट गेले? चेंडू किती वेळा सांभाळला?’ असेही विचारावे. आपण जे विचारतो त्यासाठी मूल झटते. आणि वही कोणास लाजविण्यासाठी भिंतीवर लावावयाची नसून, उद्याच्या सरावास कोठे आरंभ करावा हे ठरविण्यासाठी आहे, हे शिक्षक, पालक व विद्यार्थी या तिघांनीही ध्यानात ठेवावे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका संघाने ५६ ताब्यांत ४२ गुण केले व दुसऱ्याने, वेगळ्या सामन्यात, ७० ताब्यांत ४९. कोणाचा उतारा अधिक?
२. एका मुलीने दोन गुणांच्या २० फेकींपैकी ९ साधल्या. दुसरीने तीन गुणांच्या १५ पैकी ५. फेकीमागे कोणाचे गुण अधिक?
३. वरील कल्पित सामन्यात आपल्या संघाने १८ ऐवजी १४ ताबे गमावले असते व फ्री थ्रो मात्र तितक्याच साधल्या असत्या, तर सामना जिंकता आला असता काय? कारण लिहा.

उत्तरे : (१) पहिल्याचा, ०.७५ व ०.७०. (२) दुसरीचे, ०.९ व १. (३) नाही, गुण सुमारे ४६ झाले असते, म्हणजे पाच गुणांची तूट उरली असती.